बेगायमचे छत्तीस शब्द

"थांब! किती झाले?"

"छत्तीस!" एर्मेक ओरडला आणि शाळेच्या अंगणात हशा पिकला.

मिनिटाला छत्तीस शब्द! पाचवीतल्या बेगायमचे कान लाल झाले. झोलदोश आगायनी, म्हणजे गुरुजींनी, तिच्या हातातला फोन हिसकावून घेतला. "मेंढीसुद्धा याहून भरभर वाचेल! जा, घरी बसून शेणी थाप!"

फोनवर सुट्टीतल्या शिबिराची जाहिरात होती. 'इसिक-कुल तळ्याकाठी चाळीस दिवस, सगळं फुकट!' खाली निळं पाणी नि हसरी मुलं. जागा वीस आणि मुलं पन्नास. मग आगायनी घड्याळ काढलं. गावात पोराची हुशारी घड्याळावरच मोजायची रीत होती! जाहिरात जे भरभर वाचतील, ते जाणार. सकाळपासून पन्नासजणांनी ती घडाघडा वाचली होती. बेगायमचा आठ वर्षांचा भाऊ तिलेक चौऱ्याण्णव शब्दांवर निवडला गेला.

संध्याकाळी तो पिशवी भरत होता.

"तिथं पोहायला शिकवणार का रे?" बेगायमनं विचारलं.

"काय माहीत!"

"अरे, तू वाचलंस ना?"

"चौऱ्याण्णव शब्द वाचले!"

"पण त्यात होतं काय?"

तिलेकनं बराच विचार केला. "तळं होतं, एजे."

ताईनं आईचा फोन घेतला. त्यावरही ती जाहिरात आली होती; बोट ठेवून ती एकेक ओळ वाचत खाली गेली. तळाशी 'पुढे वाचा' असं लिहिलं होतं. तिनं ते दाबलं. नवीन पान उघडलं, आणि ते शेवटपर्यंत वाचून ती आईकडे धावली.

"आपा, तिलेकला पाठवू नकोस! हे बघ..."

आईनं फाडकन मुस्कटात मारली. "स्वतःचं नाव लागलं नाही म्हणून भावावर जळतेस? लाज नाही वाटत?"

भल्या सकाळी बेगायमनं एर्मेकचं दार वाजवलं. त्याचंही नाव यादीत होतं.

"मेंढी आली, मेंढी!" तो खिदळला. तिनं फोन पुढे धरताच त्यानं पान एका दमात वाचून टाकलं. "झालं! पुढे?"

"आता असं वाच." तिनं खालच्या ओळी पंज्यानं झाकल्या आणि एकच उघडी ठेवली.

तिसऱ्या ओळीला एर्मेकचं हसू मावळलं. "आगायना सांगू या!"

"माझं कोण ऐकणार? पण त्यांच्याच तोंडून वाचून घेतलं तर?"

बस आली तेव्हा चौकात सारा गाव जमला होता. तिलेक खिडकीपाशी बसून हात हलवत होता. ड्रायव्हर घाई करत होता.

"आगाय!" एर्मेक गोडगोड आवाजात म्हणाला. "तुम्ही किती भरभर वाचता ते सगळ्यांना दाखवा ना! हे पान नवीन आहे, कोणीच वाचलेलं नाही!"

आगाय फुलले. घसा खाकरून ते असे सुटले की श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. एका मिनिटात एकशे अठ्ठ्याऐंशी! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आगाय, मुलांना उठवणार किती वाजता?" बेगायमनं विचारलं.

"उठवणार? कुठं?"

"आत्ताच वाचलंस की!" गावचे वडीलधारे साग्यन अता, म्हणजे आजोबा, काठी टेकत पुढे आले. "सांग तिला."

आगाय घाईघाईनं पान पुन्हा चाळू लागले. बेगायमनं फोन घेतला आणि बोट ठेवून अडखळत वाचू लागली.

"मुक्काम... शेतमळ्यावर. पहाटे पाचला... राजम्याच्या शेतात हजेरी. रोज नऊ तास काम. फोन जमा करावेत. चाळीस दिवसांआधी... मूल परत मिळणार नाही. शेवटच्या दिवशी, हवा बरी असल्यास... तळ्याची सहल."

 बायकांनी एकच गलका केला आणि बसवर धाड घातली! बेगायमच्या आईनं तिलेकला खिडकीतूनच ओढून काढलं. मुलं भोकाड पसरून रडत होती, शिव्या आगायना पडत होत्या.

साग्यन अतांनी बेगायमच्या डोक्यावर हात ठेवला. "पन्नासजण बोलले, पोरी, पण वाचलंस तू एकटीनं. गावाची लाज राखलीस!"

आई तिच्याकडे बघायला धजत नव्हती. बेगायमला मात्र इतका आनंद झाला होता की गाल दुखायचाही राहिला.

"माझ्यावर कशाला डाफरता?" ड्रायव्हर कुरकुरला. "काल वरच्या गावातली बावीस पोरं सोडून आलो. तिथं कुणी चकार शब्द काढला नाही."

बेगायमचा आनंद जागीच विरला. बावीस! आज पहाटे पाचला ती पोरं कुठं होती, हे तिला ठाऊक होतं.

"जीप काढा! पोरं घेऊनच या!" अतांनी तरुणांना पिटाळलं. मग ते आगायकडे वळले. "तू चालत वरच्या गावी जायचंस. ज्या ज्या घरचं पोर गेलंय, त्या दारात उभा राहा आणि आईसमोर हे पान वाच. प्रत्येक ओळ तिला समजेपर्यंत पुढची वाचायची नाही."

"अता, अहो, बायका मला फाडून खातील!"

"हो," म्हातारा म्हणाला. "पोरी, तूही याच्याबरोबर जा. कुठं भरभर वाचायला लागला, तर थांबव."