बाबांनी उघडलेली फाईल

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी घरी आले असताना त्यांनी मला एक फाईल दाखवली. पुढचं सगळं खरं आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसत आले, म्हणून हे सांगणं मलाच जड जातंय.

दिग्रसला बाबांनी, म्हणजे धर्मपाल सरांनी, तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. त्यांच्या संगणकावर लिनक्स मीच टाकून दिलं. सिस्टिममध्ये बदल करायचा पासवर्ड मात्र स्वतःकडे ठेवला.

त्यांच्या बोटांना टाइपरायटरवरच्या अक्षरांच्या जागा पाठ. संगणकाच्या कीबोर्डवर भलतीच अक्षरं उमटत. म्हणून त्यांनी अक्षरांच्या जागा ठरवणारी सिस्टिमची फाईलच शोधून काढली. बदलली. सेव्ह करायला गेले...

परवानगी नाही.

"उर्वशी, पासवर्ड दे न मले. तुह्या आईवर दोन पानं लिहाची हायेत."

मी हसले. म्हटलं, "बाबा, आधी माउस नीट धरायला शिका. ही फाईल शिकाऊंसाठी नाही. नवीन जागा पाठ करा, पहिलीतली पोरं करतात."

त्यांची बोटं टाइप केल्यासारखी मांडीवर चालत राहिली.

सोमवारी सकाळी हृदय बंद पडलं.

जलदानविधी, आमच्यातला गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, आटोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतून, जिथे बाबांचा संगणक आहे, आवाज आला...

टक टक टक. एका लयीत. ओळीएवढं. मग थांबणं.

ओळीच्या शेवटी टाइपरायटरची घंटी वाजते. ती मात्र नव्हती.

शेजारच्या बिजलीबाई म्हणाल्या, जीव अडकला असन. मी म्हटलं, उंदीर असेल, पिंजरा आणा.

दार उघडलं. कोणी नाही. संगणकाची वायर गुंडाळलेली... मीच गुंडाळली होती.

चालू केला. भिंतीवर क्लासचा, टाइपरायटरच्या अक्षरांचा जुना तक्ता आहे. त्यात 'क' जिथे, तिथलं बटण दाबलं.

'क' उमटला.

तीच फाईल उघडली. बदलल्याची तारीख...

बुधवार. बाबा जाऊन दोन दिवस झालेले.

नोंदी तपासल्या. बुधवारी मशीन सुरूच झालेलं नाही. पासवर्ड मी कुठेही लिहिलेला नाही. कोणीतरी खोडी केली म्हणाल. म्हणा.

आईवरची दोन पानं शोधली. ती कुठेच नाहीत.

आज दुपारी पुन्हा आवाज सुरू झाला. मी आत गेले. दार लावून घेतलं. रिकाम्या खुर्चीकडे बघत मोठ्याने बोलले.

"बाबा, क्लासचा पयला संगणक मीनंच बंद पाडलता. अशीच फाईल बदलून. तुमाले मालूम होतं. तुम्ही सगळ्यायले लाइटीच्या झटक्यानं गेला म्हणून सांगतलं, अन् मले एका शब्दानं विचारलं नाही."