ठकू गाडीचा हट्ट

माणसं चंद्रावर नोकरीला जाऊ लागली, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर ठकूला विचारा. ठकू म्हणजे ऋजुलाच्या आजोबांनी, आबांनी बनवलेली बिनचालकाची गाडी. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि आज चालायलाच तयार नव्हती!

मागच्या सीटवर आठ वर्षांची ऋजुला एकटीच बसली होती. बाबा कामावर, आई सहा महिन्यांपासून चंद्रावर. टेकडीवरच्या आबांच्या वेधशाळेतून दर रविवारी चार वाजता आईशी बोलता यायचं. फक्त दहा मिनिटं. आता पावणेचार झाले होते.

“पट्टा लावलाय ना मी!”

“पाठीमागून लावलायस, ऋजुलाबाई. मला बनवतेस?”

“बाबापण तसाच लावतात. मग गाडी ओरडत नाही. पुढून लावला की गळ्याला काचतो.”

“तुझं उंच आसन कुठंय?”

“गॅलरीत. त्यावर कुंडी ठेवलीय. मला आठ पूर्ण झाली!”

“पट्ट्याला वाढदिवस कळत नाही, उंची कळते. उतर खाली. आबांसाठी घेतलेली पपई ठेव सीटवर.”

ऋजुला उतरली. ठकू सुसाट निघाली आणि गचकन थांबली. पपई थेट पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली.

“मी थांबले. पपई का नाही थांबली?”

“तिला... कुणी धरलं नव्हतं.”

“शाबास! हेच जडत्व (चालत्या वस्तूची चालतच राहायची खोड). धरायचं काम पट्ट्याचं. पण धरायचं हाडांना, खांद्याच्या आणि कमरेच्या. ती दणका सोसतात. तू ठेंगणी, म्हणून पट्टा येतो गळ्यावर आणि मऊ पोटावर. आसन तुला उचलतं, मग तो हाडांवर बसतो.”

ऋजुला वर धावली. घरात कुणीच नव्हतं, त्यामुळे जड कुंडी एकटीनंच ओढावी लागली.

आसनावर बसून वेधशाळेत पोचली तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. पडद्यावर आई वाट पाहत होती. चंद्रापर्यंत बोलणं जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागायचे.

“का गं उशीर, राजा?”

ऋजुलानं सगळं सांगितलं आणि विचारलं, “आसन कधी सुटेल?”

“साधारण एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर उंच झालीस की.”

आबांनी तिला भिंतीला उभं करून मोजलं. एकशे एकोणतीस.

“अजून सोळा,” आई म्हणाली. “तीनेक वर्षं लागतील. मीही तेव्हाच परत येतेय.”

“मग मी लवकर वाढते! म्हणजे तू लवकर येशील ना?”

पडदा गप्प राहिला. ऋजुला सेकंद मोजू लागली. एक. दोन. मग आईचं हसू आलं. डोळे पुसत, पण आलं.