पोट भरल्याची खूण

पाडवा उजाडला तरी कऱ्हाडच्या कदमांच्या घरी चकल्यांचा डबा काठोकाठ भरलेलाच होता. दरवर्षी या डब्यावर आडवा हात मारणारे अविनाश कदम यंदा एका चकलीवर थांबत होते. कुणी कितीही आग्रह केला तरी हात आडवा धरून म्हणत, "नको, खरंच नको." आणि ते अगदी खरं असे.

त्यांच्या आणि पत्नी उज्ज्वलाबाईंच्या कानामागे टिकलीएवढी चकती चिकटवलेली होती. तिचं नाव तृप्तिका. मुलगी मृण्मयी ती बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत होती, तिनेच गणपतीत दोन पाठवल्या होत्या. मोदकांपासून फराळापर्यंत चढणारं वजन पुढे वर्षभर हटत नाही, त्यावरचा हा तोडगा. पहिला आठवडा शिकवणीचा. जेवताना पोट भरलं की चकती दाबायची. त्या क्षणी पोटाची नस मेंदूला काय कळवते, कानाशी कसले आवाज आहेत, हे सगळं ती टिपून घेई. पुढे तसाच क्षण जवळ आला की दोन घास आधीच मेंदूला सांगून टाकी, पोट भरलं.

मृण्मयीला रजा पाडव्यालाच मिळाली. आईने दार उघडलं आणि मृण्मयीच्या हातातली बॅग तशीच राहिली. फोनवर आई कॅमेरा कायम परातीवर धरायची, त्यामुळे हे दिसलंच नव्हतं. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या.

"किती वाळलीस गं!"

"वाळले काय? बारीक झाले म्हण. अकरा किलो! कॉलनीतल्या बायकांनी विचारून विचारून भंडावून सोडलंय मला."

आईच्या आवाजात एवढा आनंद होता की मृण्मयीही हसली. ऑफिसात दाखवायला फोटो काढायचं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

आईने तिच्यापुढे फराळाची ताटली ठेवली आणि समोर बसली. मृण्मयीने करंजीचा घास घेतला. आईचा गळा हलला. दुसरा घास घेतला, पुन्हा हलला. आईचे डोळे लेकीच्या तोंडावर खिळले होते, आणि त्यांत सणाचं जेवून उठलेल्या माणसाची सुस्ती होती. मृण्मयीने हात मध्येच थांबवला. आईचा गळाही थांबला, वाट बघत राहिला. भर सकाळी, स्वतःच्या घरात, मृण्मयीला भीती वाटली.

"खा ना," आई म्हणाली.

"तू काय खाल्लंस?"

"अगं, पोट तुडुंब भरलंय. सकाळपासून चौदा माणसं फराळ करून गेली."

"माणसं खाऊन गेली, त्याने तुझं पोट कसं भरलं?"

"तिचं असंच असतं," बाबा पेपरातून हसले. "सगळ्यांचं झालं की मग ती. उरलंसुरलं, चिमूटभर."

मृण्मयीने फोनवर आईच्या तृप्तिकेची नोंद उघडली. शिकवणीच्या आठवड्यात आईने एकवीस वेळा चकती दाबली होती, आणि एकवीसही वेळा तिचं पोट जवळजवळ रिकामं होतं. तिने त्या क्षणांचे आवाज लावले. बाबांची ढेकर. स्टीलचा पेला खाली ठेवल्याचा आवाज. "झकास झाली होती गं आमटी." मग पातेल्याच्या बुडाला खरवडणारा डाव. एकवीस वेळा हेच.

आईने खोटं काही केलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांची जेवणं झाली की तिला बरं वाटे, तेव्हा ती चकती दाबे. चकती तेवढंच शिकली: दुसऱ्यांचं खाऊन झालं की हिचं पोट भरलं. आणि कंपनीने शेकडो चाचण्या घेतल्या, पण घरात शेवटी कोण जेवतं हे कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. मृण्मयीलाही नाही. वसुबारसेपासून आईच्या चावण्याची नोंद नव्हतीच. तृप्तीचे निरोप मात्र एकशे बारा होते.

मृण्मयीने आईच्या कानामागची चकती ओढून काढली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"अगं, हे काय होतंय मला?"

"भूक लागलीय, आई."

बाबा पेपर टाकून उठले. मृण्मयीने डॉक्टरांना फोन लावला. लगेच निघतो, तोवर दोन-चार चमचेच, अगदी सावकाश द्या, म्हणाले. बाबांनी कुकर लावला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण मीठ कुठे असतं हे त्यांना विचारावं लागलं. मऊ भात, वरून पातळ वरण. आई एकटीच जेवतेय आणि दोघं तिच्यासमोर बसलेत, असं या घरात कधी झालं नव्हतं. ती संकोचून गेली होती. तिसऱ्या चमच्याला थांबली.

"डॉक्टर येईपर्यंत एवढंच," मृण्मयी म्हणाली. "पण पुढे रोज तुझं पोट भरलं, की तू आम्हाला सांगायचंस. तूच सांगायचंस."

आईने सवयीने पातेल्यात डोकावून पाहिलं, किती उरलंय ते. मग नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. खूप वेळ ती आठवायचा प्रयत्न करत होती.

"मृणू," तिने हळूच विचारलं, "पोट भरलं म्हणजे नक्की काय वाटतं गं?"