मोहाखालचा खराटा

ही गोष्ट खरी आहे. आणि कोणीही तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, अशी मी आधीच पैज लावतो.

भूत म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, कुत्र्याचं रडणं लागतं. माझ्या भुताला तसलं काही लागलं नाही. ते आलं चैत्रातल्या उन्हात, भर दुपारी बारा वाजता. स्वतःची सावलीही पायाखाली दडते, अशा वेळी.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कुहीपासून चार कोसांवर, जंगलाला खेटून आमचं गाव, टेंभरी.

पुष्कळांना मी ही गोष्ट सांगितली आहे. पण अकरा वर्षांनी, पंच्याऐंशीच्या चैत्रात, नागपुरात प्रताप नगरातल्या माझ्या घराच्या ओसरीवर जशी सांगितली, तशीच इथे लिहितो. पदरचं काही घालत नाही.

त्या दिवशी उमरेडहून पाहुणे आले होते. आनंदराव आणि त्यांची बायको प्रेमिलाबाई. मुलासाठी मुलगी पाहायला.

मुलगी म्हणजे उत्तरा. माझी नव्हे, कौसल्याची. कौसल्या मेली तेव्हा ही नऊ वर्षांची. मी उचलून घरी आणली, वाढवली. माझी बायको गेल्यापासून घर तीच बघते. स्वयंपाक, धुणं, झाडलोट, झोपताना माझे पाय दाबणं. सोन्यासारखी पोरगी.

याआधी तिला तीन स्थळं आली. तिन्ही स्थळं ही गोष्ट ऐकून चहा अर्धा टाकून उठली.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याला मी काय करू? आणि खरं सांगू, पोरगी गेली तर घर झाडणार कोण?

उत्तरानं पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि चौकटीशी जाऊन बसली. प्रेमिलाबाईंना ती आवडली होती. "ये वं बाई, अशी जवळ बस," म्हणून त्यांनी दोनदा बोलावलं. मग आनंदरावांनी विचारलंच.

"मार्तंडराव, पोरीची माय कशानं गेली?"

"आगीनं," मी म्हणालो. "आन् आग तिनंच लावली होती."

प्रेमिलाबाईंचा चमचा थांबला.

उत्तरानं मान खाली घातली. तिला ही गोष्ट पाठ आहे.

मी पाय वर घेऊन बसलो आणि सुरू झालो.

माझं शेत आणि कौसल्याचं शेत शेजारी. मधे धुरा, म्हणजे बांध. धुऱ्यावर मोहाचं झाड. तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाही एवढं. त्याच्या पलीकडे लगेच जंगल सुरू.

मोहाची फुलं पहाटेपासून पडायला लागतात. टप... टप... खाली वाळका पाला असला की त्यात फुलं सापडत नाहीत. म्हणून आमच्याकडे सगळे आधी तो पाला जाळतात. जमीन काळी होते, फुलं पिवळी. आंधळ्यालाही वेचता येतील.

सगळे जाळायचे. एक कौसल्या सोडून.

ती खराटा आणायची. शिंदीच्या झाडाचा, लांब दांड्याचा. आगीचं घटकाभराचं काम, ही बाई सकाळभर करायची. खर्र... खर्र... झाडाभोवती असं गोल, स्वच्छ खळं करायची की वर जेवायला बसावं. गाव हसायचं. मी तर तोंडावर विचारायचो.

"काहून वं कौसल्या? जंगलाचं लगन आहे का? मांडव झाडून राहिली!"

"हसा दादा, हसा. आग काय माया घरची बकरी आहे, खुट्याले बांधून ठेवाले?"

गावनात्यानं ती मला दादा म्हणायची. फटकळ बाई. आणि चिक्कू! नवरा मेलेला, दोन एकर शेत, पण काडीपेटी म्हणून तिच्या घरात कधी आली नाही. रोज सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन यायची आणि माझ्या चुलीतला विस्तव मागून न्यायची.

"एक काडीपेटी घे वं, मरत नाई तू त्यानं," मी म्हणायचो.

"तुमची चूल आहे न दादा," ती हसायची.

आनंदराव इथे हसले. मला बरं वाटलं. ऐकणारा हसला की समजावं, गळाला लागला.

मोहाचा आमचा ठराव सोपा होता. आधी येईल त्याची फुलं. ती तांबडं फुटायच्या आधी यायची. मी ऊन वर आल्यावर. माझ्या वाट्याला काय यायचं? पाला.

असो.

त्या दिवशी कुहीचा बाजार होता. मी सकाळीच बाजाराला गेलो. हे नीट ध्यानात ठेवा. मी गावात नव्हतोच. बैलांच्या खुरांना आदल्या दिवशीच नाल ठोकले होते म्हणून त्यांना गुरांच्या कोठ्यात बांधून, पायीच गेलो.

उत्तराला ताप होता. त्यामुळे कौसल्या झाडाकडे उशिरा पोचली. वारा सुटला होता.

तिनं पाल्याला आग लावली.

तुम्ही शहराजवळचे लोक, तुम्हाला वाटतं आग वर जाते. नाही. रानातली आग आधी जमिनीवरून पळते. पाण्यासारखी. पाला पीत पीत. मग बांबूच्या बेटात शिरली. बांबूची पेरं अशी फुटायला लागली की कुहीत लोकांना वाटलं, कोणाची वरात आली. सागाच्या अंगावर पान नव्हतं, तरी खोडं छातीपर्यंत काळी पडली. पाखरं उडाली आणि उडता उडता भाजून खाली पडली. माझ्या विहिरीचं पाणी उकळलं. आतली मासळी शिजली. मी मीठ लावून खाल्ली.

"काहीही सांगता गा!" आनंदराव म्हणाले.

"देवाची आण. थोडं तिखट पाहिजे होतं."

मग आग गावाकडे वळली. धानाच्या तणसाचे ढीग एकामागून एक. छपरांचे कवेलू तडतड फुटून आभाळात उडत होते. सात घरं गेली. बैलबंड्या गेल्या, नांगर गेले, बियाण्याचं धान गेलं. आणि माझा कोठा पेटला.

आत बैल बांधलेले.

गाव नदीकडे पळत होतं. एकटी कौसल्या उलटी पळाली. माझ्या कोठ्यात शिरली. एकाचं दावं सोडलं. दुसऱ्याचं सोडलं. बैल बाहेर आले, शेपट्या तेवढ्या जळाल्या.

मग छप्पर बसलं.

मी परत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिला बाहेर काढलं, तेव्हा मुठीत दाव्याचा तुकडा होता. मूठ उघडेना. तशीच पुरली... म्हणजे, जाळायचं काही उरलं नव्हतं.

बैल मात्र फार उमदे होते हो. दोन हंगाम आणखी चालले.

प्रेमिलाबाईंनी बशी खाली ठेवली. उत्तराकडे पाहिलं. ती फरशीवर बोट फिरवत होती. गोल... गोल...

"गावानं पंचायत बसवली," मी म्हणालो. "मीच सांगितलं, मेलेल्या बाईले काय दंड करता? पण लोकं आहेत. अजून टेंभरीत या पोरीले गावजाळीची पोरगी म्हणतात."

आता भुताकडे येतो.

मोहाचं झाड बाहेरून काळं झालं, पण पडलं नाही. असली जुनी झाडं आतून जळतात. एका ढोलीतून बारीक धूर यायचा. आठ दिवस... पंधरा दिवस... खोडाला हात लावला तर तापलेल्या माणसासारखं गरम.

विसाव्या दिवशी मी धुऱ्यावर गेलो. दुपारचे बारा. आभाळात घार नाही. रानात किडा नाही. वारासुद्धा नाही.

आणि आवाज आला...

टप.

टप... टप...

मोहफुलं पडल्यासारखा. वर पाहिलं. जळक्या फांद्या. पान नाही, फूल नाही. खाली पाहिलं. एकही फूल नाही.

पण सगळ्या शेतात वीतभर राख होती, आणि झाडाखाली...

झाडाखाली राख नव्हती.

स्वच्छ. गोल. खराट्याच्या रेघा उमटलेल्या.

पावलं? पावलं नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते खळं धुऱ्याच्या अलीकडे आलं. माझ्या शेतात. तिसऱ्या दिवशी विहिरीजवळ. मग जळक्या कोठ्यापाशी. रोज बरोबर बारा वाजता. खर्र... खर्र... मी पळत जायचो, तर आवाज बंद. खळं मात्र ताजं.

बैलांना मी आंब्याखाली बांधत होतो. त्यांची दावी सुटलेली असायची. तुटलेली नाही... सोडलेली. बैल जागचे हलायचे नाहीत. नुसते एकीकडे बघत उभे राहायचे. जसं समोरून कोणी वैरण घेऊन येत आहे.

एका दुपारी मी अंगणात बाज टाकून पडलो. डोळा लागला. आवाजानं जाग आली नाही. आवाज थांबला, म्हणून जाग आली.

बाजेभोवती पाला होता.

वाळका, मोहाचा. गुडघाभर उंच. चारी बाजूंनी नीट लोटून लावलेला. पाय ठेवायला जागा नाही.

जंगल जळून महिना झाला होता. कोसभर रानात वाळकं पान उरलं नव्हतं. कुठून आला?

मी बाजेवर तसाच बसून राहिलो. सूर्य कलेपर्यंत. कोणी येऊन त्या पाल्यावर ठिणगी टाकेल, एवढीच वाट पाहत. कोणी आलं नाही. हेच जास्त वाईट होतं.

त्याच महिन्यात शेत विकलं आणि नागपूर गाठलं.

"मंग सुटले म्हणा," आनंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"कशाचा सुटतो? या प्रताप नगरात मोहाचं एक झाड दाखवा. नाई न? पण चैत्र लागला का माया उंबऱ्याशी पाला असते. आज सकाळीबी होता. इचारा उत्तराले. तिनंच भरून फेकला."

उत्तरानं होकारार्थी मान हलवली.

"काय पाहिजे असंन तिले?" प्रेमिलाबाईंनी हळूच विचारलं.

"काय पाहिजे? पस्तावली असंन. गाव जाळलं न तिनं. आता जलमभर झाडत बसली आहे."

खोटं कशाला बोलू, मला त्या कोड्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. चैत्रातल्या दुपारी मी झोपत नाही. खुर्ची भिंतीला लावून बसतो, पाय वर घेऊन.

प्रेमिलाबाईंनी पदर सावरला. उठायची तयारी. चौथं स्थळही गेलं, हे मी ओळखलं. उत्तरानंही ओळखलं. तिचं फरशीवरचं बोट थांबलं.

पण आनंदराव उठेनात. मास्तर होते ते. मास्तर लोकांची खोड जात नाही.

"एक समजत नाई मले. जे बाई जलमभर खराट्यानं झाडत आली, गावाले आगीचं शहाणपण शिकवत आली, तिनं त्याच दिवशी काहून लावली आग? आन् पायलं कोणं?"

पाहिलं कोणीच नव्हतं. पण गोष्ट सांगणाऱ्यानं असल्या जागी अडखळायचं नसतं. तिथेच तर रंग भरायचा असतो.

"घाई होती गा तिले!" मी म्हणालो. "घरी पोरगी तापानं फणफणलेली. खराट्यानं झाडाले वेळ कुठून आणन? पाला लोटला. वाऱ्याकडे पाठ करून उकिडवी बसली. पयली काडी इझली. दुसरीबी इझली. तिसरी ओंजळीत धरली... ते लागली. तशीच अंगठ्यापर्यंत आली, चटका बसला, हातातून सुटली, अन् पडली ते नेमकी वाऱ्याच्या तोंडी. नाईतर इझवली असती गा! पायानं इझवता आली असती..."

बोलता बोलता मी माझा उजवा अंगठा चोळत होतो. जुनी सवय आहे.



आनंदराव माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

रस्त्यावर सायकल नाही. शेजारचा रेडिओ नाही. चार वाजताच्या उन्हात पान हलत नव्हतं.

आणि मागच्या अंगणातून...

खर्र...

खर्र... खर्र...

मी उत्तराला हाक मारणार होतो, पुरे कर ती झाडलोट म्हणून.

उत्तरा समोर बसली होती.

तिनं मान वर केली. अकरा वर्षांत ही गोष्ट ऐकताना तिनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते. आवाज बारीक होता, पण शेवटच्या खोलीपर्यंत जाईल असा.

"मामा, आमच्या घरी काडीपेटी नव्हती. आता तुमीच सांगतलं. मंग ते तिसरी काडी कोणाची होती?"