आधी नोंद, मग पुस्तक

सकाळी दिव्यात तेल घालताना आईनं मनोमन नवस बोलला : लेकीचं ॲप सुरू होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नवस कुणाला सांगायचा नसतो. तिनं ठमीलाही सांगितला नाही.

ॲप होतं वाचनालयाचं. तिथं ठमीच्या बाबांनी ग्रंथपाल म्हणून, पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारत, तीस वर्षं काढली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आज पाच वाजता वाचनालयाची मंडळी ॲप बघायला येणार होती. चाललं नाही, तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार.

"कोडच्यासुद्धा लायब्ररी असतात बरं का, आई," ठमीनं चहा पिताना सांगितलं होतं. "कुणीतरी लिहून ठेवतं, सगळ्यांनी वापरायचं. आपण आपल्या प्रोजेक्टमध्ये आणायचं, बस."

आईनं नुसती मान डोलावली. ऊर भरून आला. बापाची कपाटं पोरीनं फोनात आणली की!

दुपार कलली. उन्हामुळे पडदे ओढलेले, घरात अंधूक. आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. बाहेरच्या खोलीतली कीबोर्डची टकटक थांबली.

"लायब्ररी सापडत नाही म्हणे! मेल्या, समोर तर आहे..." ठमी रडकुंडीला आली होती.

मग शांतता. नळाचा थेंबही मोठा वाटावा इतकी. कुठूनसा शिक्क्याच्या शाईचा वास आला. आणि आवाज... ठक्.

"आई! चाललं गं, चाललं!"

आई धावली. ठमीच्या हातात फोन उजळला होता.

"लायब्ररीची फाइल आणून ठेवली, पण प्रोजेक्टच्या यादीत तिचं नावच घातलं नव्हतं मी! सकाळपासून गप्प होतीस आणि बोललीस ती एकदम मुद्द्याचं. 'ठमे, आधी नोंद, मग पुस्तक'... अगदी बाबांसारखं. घसा बसलाय का तुझा?"

आईच्या हातातलं फडकं गळलं. आता नवस फिटला होता. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाचं नाव काढलंस, पोरी."

मग तिची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. यादी सगळी इंग्रजीत, तिला न कळणारी. शेवटची ओळ मात्र मराठीत होती.

घेणारी : ठमी. परतीची तारीख :

"हे... तू लिहिलंस?"

"नाही... मी नाही."

पुढची जागा कोरी होती. दोघींच्या पाठीमागे, अगदी जवळ, ठक् वाजलं.

आता ती जागा कोरी नव्हती.