तिसगावचे दुसरे कानिफनाथ

पटो न पटो, हे खरं घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, मोनिकाच्या बाबतीत. नेवाशाजवळच्या एका डायलिसिस सेंटरात ती कॉम्प्युटर सांभाळते. मागच्या फेब्रुवारीतला सोमवार. दुपारचे सव्वादोन.

त्याचं मूळ मात्र जानेवारीत आहे. पेशंटच्या यादीत एकेक नाव दोन-दोनदा यायला लागलं होतं. मोनिकाने क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, लिहिली. नाव, आडनाव अन् गाव सारखं असेल तर पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. वडिलांचं नाव, जन्मतारीख जुळवून बघायचा तिने कंटाळा केला.

सदतीस नोंदी उडाल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

तिसगावच्या बाजूला मढीच्या कानिफनाथ देवाच्या नवसाने घरटी एकाचं नाव कानिफनाथ असतं, अन् आडनावंही बऱ्याचदा तीच. मोनिका त्याच भागातली. तिला हे ठाऊक होतं. म्हणूनच आजही तिला मान वर करवत नाही.

दोन दिवसांनी एक म्हातारा काउंटरवर आला. आठवड्यापूर्वीच नाव नोंदवून गेलेला.

"पोरी, माजा नंबर कवा हाय? कानिफनाथ, तिसगावचा."

"त्यांचं सकाळीच झालं, बाबा."

"आगं, त्यो दुसरा. मी हाय की हितं."

चूक तिला तिथंच कळली. पण शेजारी साहेब उभे होते...

"यादीत नाव नाही," ती म्हणाली.

म्हातारा परत गेला. तिसऱ्या दिवशी तो वारल्याचं कळलं. सगळे म्हणाले, तारीख विसरला असेल. मोनिका गप्प बसली.

मग तो सोमवार.

हॉल रिकामा. पंखेही बंद.

आणि यादीतली नावं पुकारणारा स्पीकर आपोआप बोलला...

"कानिफनाथ, तिसगाव. बेड नंबर चार."

तिने त्या दिवसाची यादी उघडली. नाव नव्हतं; पहिल्या कानिफनाथांचाही तो वार नव्हता.

नोंदी मोजायची क्वेरी चालवली. चाळीस.

मग स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्या... एकोणचाळीस.

रडत रडत तिने त्या म्हाताऱ्याची नोंद जुन्याच नंबराने परत भरायला घेतली. कॉम्प्युटरने नाकारली. हा नंबर आधीच वापरात आहे.

शोधला. कुठेच नाही.

काउंटरसमोरची खुर्ची हळूच सरकली...

समोर कुणीच नव्हतं.

शेवटी तिने साहेबांना सगळं सांगितलं. मग तिसगावला जाऊन म्हाताऱ्याच्या बायकोला, साळूबाईंना. साळूबाई रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"तरीच," त्या म्हणाल्या. "रोज सपनात येऊन येकच म्हनत्यात. मी हाय की हितं."

मोनिका अजून तिथेच कामाला आहे. रोज सकाळी यादी बोटाने मोजते.

कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा अजूनही एक नोंद कमीच भरते...