पालथं भांडं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल पुढे जावं, मी काही कुणाला धरून बसवलेलं नाही.

आणि रात्रीची नाही. भरदुपारची आहे.

साल अडुसष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. मलकापुरात स्टेशनाजवळ एक छोटा दवाखाना होता. आता तिथे दुकानं आहेत.

मी सुभद्राबाई, जळगाव जामोदची. कडूबा माझा पाठचा भाऊ. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईने त्याचं नाव असं कडू ठेवलं. मरणाने चाखलाच तर थुंकून टाकावा, एवढीच तिची आशा.

पऱ्हाटीत कापूस वेचताना त्याला घोणस चावली.

मलकापूरला आणला. इंजेक्शनं झाली. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी पोरगा उठून बसला.

"अक्का, भूक लागली वं. भाकर दे ना."

मला रडूच फुटलं. वाचला माझा भाऊ!

डॉक्टर मात्र हसेनात. येता-जाता एकच विचारायचे.

"लघवी झाली का?"

नव्हती झाली.

खाटेखाली तामचिनीचं पांढरं भांडं होतं. मी ते सारखं उचलून बघायची. कोरडंच.

दुपारी सगळा वॉर्ड पेंगत होता. कडूबाचा डोळा लागला होता. मीही भिंतीला टेकले.

ठण्ण...

खाटेखाली पाहिलं. भांडं पालथं.

मांजराचं काम असेल. मी सरळ केलं.

थोड्या वेळाने पुन्हा... ठण्ण.

पुन्हा पालथं.

मला रागच आला. कोण मेलं चेष्टा करतंय आजारी माणसाची? भांडं सरळ करून मी डोळे मिटल्यासारखे केले आणि बारीक नजरेने बघत राहिले.

एक बाई वाकली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. दुसऱ्या कुण्या पेशंटची असेल, असं वाटलं.

"ओ माय, ते भांडं आमचं हाये," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं नाही. अगदी मायेने बोलली. घरातलं काम आवरताना बोलावं तशी.

"धुऊन ठेवून राह्यली माय. आता नाई लागत याले."

आणि भांडं घेऊन मोरीत गेली.

मी कान देऊन बसले. नळाचा आवाज... नाही. भांडं घासल्याचा आवाज... नाही.

उठून गेले. मोरीला दार एकच. आत कोणी नव्हतं.

भांडं होतं. पालथं.

आयाबाईला, पुष्पाबाईला, विचारलं. "ते हिरव्या लुगड्याची बाई कोन हो?"

तिचा चेहरा उतरला. "कोनत्या खाटेपाशी आल्ती?" एवढंच विचारलं आणि निघून गेली. पुन्हा माझ्याकडे बघेना.

मी धावत डॉक्टरांकडे. बाईचं सगळं सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, हे त्यांचे उपकार.

"बाईचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण विषाने मूत्रपिंडं बंद पडली असावीत. कधी आपोआप सुरू होतात, कधी होत नाहीत. नाही झाली तर रक्त धुणारं मशीन लागतं. ते मुंबईला."

"होतील का नाई, कसं कळते?"

"एक-दोन दिवस वाट बघूनच कळतं. पण तोवर प्रवास झेपत नाही."

घ्या! कळेपर्यंत थांबायचं, आणि कळल्यावर जाता येत नाही.

पण मला कळलं होतं. त्या बाईने सांगितलं होतं.

"आजच नेतो याले," मी म्हटलं.

दिवस बुडताना मुंबईची गाडी आली. मी, माझे यजमान आणि कडूबा. त्याचा चेहरा सुजला होता, तरी गंमत सुचत होती.

"अक्का, मुंबई पाह्यतो आता म्या. तुह्यामुळं."

वाटेत लागलं तर हवं म्हणून भांडं आणलं होतं. मी ते मांडीवर सरळ धरलं. दोन्ही हातांनी. गच्च. आता ये म्हटलं, बघते कसं पालथं घालतेस.

भुसावळ गेलं. कडूबाला धाप लागली. बोलणं तुटक झालं.

मग तो समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघायला लागला.

"अक्का... ते बाई काऊन पाहून राह्यली माह्याकडं?"

बाकावर कोणी नव्हतं.

"कोनी नाई रे. झोप तू."

तो झोपला.

नाशिक यायच्या आत यजमानांनी त्याच्या नाकाशी हात नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मी ओरडले का, आठवत नाही. काय करणार होते? गाडी मुंबईकडेच चालली होती, आणि मी नुसती बसले होते.

नाशिकला त्याला उतरवताना हमाल म्हणाला, "बाई, भांडं सोडा."

मी खाली पाहिलं.

माझी बोटं तशीच गच्च होती. भांडं पालथं होतं.

ती सांगायला आली होती, की न्यायला? सांगायला आली असेल, तर मी ऐकलं होतं ना? लगेच निघाले होते ना? मग?

आता ती मशीनं गावोगाव झाली. कुणाला ती लागणार हे कॉम्प्युटर आधीच सांगतो, असं नात वाचून दाखवते. चांगलं आहे बाबा.

आमच्या घरात धुतलेली भांडी पालथी घालत नाहीत. सून कुरकुरते, पाणी साचतं म्हणते. साचू दे.

मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरात आवाज झाला.

ठण्ण...

सगळी भांडी सरळ. एक पेला पालथा. माझ्या नातीचा, हे टाइप करून देणाऱ्या.

सूनबाई म्हणाली, मी हात लावला नाही.

नातीला ओढतच दवाखान्यात नेलं. रिपोर्ट चांगले आले. सगळे हसले मला. नात आत्ताही हसतेय. म्हणते, आजी, मला काही झालेलं नाही, भूक लागलीय, जेवायला वाढ.

कडूबानेही त्या दिवशी भाकरच मागितली होती.